प्रगतिपुस्तकावरून 'भावनांक' काढा : संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. कार्यवाह आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य

विषय : विद्यार्थ्यांच्या प्रगतिपुस्तकावर भावनांक छापण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

स. न. वि. वि.

यंदा पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात भाषा, गणित, विज्ञान यांच्या खाली एक नवी ओळ आली आहे : भावनांक, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेचा आकडा. तिच्यासमोर एक आकडा आणि आकड्यापुढे एक शेरा. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला तो मिळाला. दिवाळीनंतर निघालेल्या परिपत्रकात त्यापुढचं सांगितलं आहे. पुढच्या वर्षी तुकड्या पाडताना आणि वर्गप्रतिनिधी नेमताना हा आकडा विचारात घेतला जाईल. पाचवीच्या प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांची 'भावनिक सज्जता' तपासली जाईल. विनाअनुदानित विभागात शिक्षक घेताना याच चाचणीची मोठ्यांसाठीची आवृत्ती वापरली जाईल. पालकांनी सहकार्य करावं, ही विनंती.

मी मुख्याध्यापकांना भेटले, अर्ज दिला. "मॅडम, हे वरून आलंय," असं उत्तर मिळालं. वर आपण आहात, म्हणून हे पत्र आपल्याला. ते खुलं अशासाठी की तेच प्रगतिपुस्तक शेकडो घरांत गेलं आहे आणि त्या घरांनाही यातलं गणित कळायला हवं. संस्थेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. शाळेची नाचक्की करायची नाही, आणि असं परिपत्रक काढणारी आपली एकटीच संस्था असेल असंही वाटत नाही.

माझा संबंध तिहेरी आहे. मी याच शाळेत शिकले. माझा मुलगा इथे आठवीत आहे. आणि मी वरिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चाचण्यांची विश्वसनीयता आणि सप्रमाणता (चाचणी जे मोजते असं म्हणतो, तेच ती मोजते का) कशी काढायची, हे शिकवणं माझ्या रोजच्या कामात येतं. मुलाला ८७ मिळाले आहेत, शेरा 'सुधारणेस वाव'. त्याच्या आजीने विचारलं, "म्हणजे याला कमी काय आहे?" गणितात कमी गुण पडले तर काय कमी आहे ते मी सांगू शकते, उत्तरपत्रिका काढून दाखवू शकते. इथे उत्तरपत्रिका नाही, गुणदानाचा तक्ता नाही, काहीच नाही. मुलाला कमी गुण पडले म्हणून आईचं हे रडगाणं, असं कुणाला वाटेल. १२१ गुण मिळालेल्या मुलीच्या आईने ते पान पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं होतं. तिच्या आकड्याबद्दलही मला हेच म्हणायचं आहे, फक्त तिला ते आवडणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भावना ओळखणं, त्या आवरणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे समजणं या गोष्टी माणसामाणसांत कमीजास्त असतात, त्यांचं महत्त्व आहे आणि त्यांचा अभ्यास होऊ शकतो, याबद्दल माझं दुमत नाही. पीटर सालोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली ती अभ्यासाचा विषय म्हणून, आणि मांडणी जपून केली होती. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घराघरांत आणि मुख्य म्हणजे कंपन्याकंपन्यांत नेली. तिथून जपून बोलणं संपलं. शाळेच्या जिन्यापाशी आपण लावलेला फ्लेक्सच बघा : 'यशात बुद्ध्यांक २० टक्के, भावनांक ८० टक्के'. गोलमन यांनी असं म्हटलेलं नाही. आयुष्यातल्या यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असतो आणि बाकीचे ८० टक्के इतर गोष्टींचे, असं त्यांनी लिहिलं. त्या 'इतर' गोष्टींत घरची परिस्थिती आली, नशीब आलं, सगळंच आलं. लोक हा आकडा चुकीचा वाचतात, असं पुढे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं. तो फ्लेक्स आज उतरवला तरी चालेल, त्याला समिती नेमायची गरज नाही.

आता चाचणी. माझी पहिली तक्रार अशी की ती नेमकं काय मोजते हे आपल्याला कुणी दाखवलेलं नाही, आणि आपण विचारलेलंही दिसत नाही.

या क्षेत्रात मुख्यतः दोन जातीच्या चाचण्या आहेत. एक, प्रत्यक्ष करून दाखवायची : चेहऱ्याचं छायाचित्र बघून त्यात कोणती भावना किती दिसते ते सांगा, दिलेल्या प्रसंगात काय केल्याने राग निवळेल ते निवडा. मेयर, सालोवे आणि कारुसो यांची २००२ सालची १४१ प्रश्नांची चाचणी ही यातली सर्वांत परिचित. तिच्यातही बरोबर उत्तर कोणतं हा प्रश्न सुटलेला नाही. एकतर बहुसंख्य लोकांनी जे उत्तर दिलं ते बरोबर धरायचं, नाहीतर भावनांवर संशोधन करणाऱ्या २१ तज्ज्ञांनी दिलं ते. बहुमताने उत्तर ठरवलं की इतरांना जे दिसलं नाही ते एखाद्यालाच दिसलं तर त्याचं उत्तर चूक ठरणार. त्या चाचणीवर गेली वीसेक वर्षं वाद चालू आहेत ते याच्यावरून आणि तिचे चार भाग खरोखर वेगळे आहेत का यावरून. तरी ती निदान काहीतरी करून दाखवायला लावते.

दुसरी जात स्वतःबद्दल विधानं वाचून खुणा करायची. रूव्हेन बार-ऑन यांची १३३ विधानांची प्रश्नावली १९९७ मध्ये बाजारात आली, आणि तेव्हापासून स्वस्त-महाग अशा असंख्य निघाल्या. मार्क ब्रॅकेट आणि मेयर यांनी २००३ मध्ये या दोन्ही चाचण्या त्याच विद्यार्थ्यांना देऊन पाहिल्या. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने कमीजास्त होतात त्याचं माप (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे पूर्ण), आला ०.२१. वर्ग केला तर दोघींत सामाईक म्हणावं असं जेमतेम साडेचार टक्के. नाव दोघींचं एकच. मग आपल्या प्रगतिपुस्तकावरचा भावनांक यातला कोणता?

आपली चाचणी दुसऱ्या जातीची आहे, साठ विधानांची. ती कशी झाली ते मुलांकडून कळलं. ऑफ तासाला कागद वाटले. वर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक. वर्गशिक्षिका बाकांमधून फिरत होत्या. 'राग आला तरी मी शांत राहतो', 'मी वर्गमित्रांच्या भावना समजून घेतो', आणि पुढे नेहमी, बरेचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. माझ्या मुलाने विचार करकरून बहुतेक ठिकाणी 'कधीकधी' लिहिलं, कारण तेरा वर्षांच्या मुलाचं खरं उत्तर तेच असतं. त्याच्या शेजारच्याने वरपासून खालपर्यंत 'नेहमी'वर खुणा केल्या आणि पाच मिनिटांत फुटबॉल घेऊन मैदानावर. त्याला ११८. मुलगा गुणी आहे, माझ्या घरी येऊन जेवतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ११८ आणि ८७ यांतला फरक इथे कशामुळे पडला ते आपणच सांगा. स्वतःविषयीच्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा, यावरही काम झालं आहे. ऑलिव्हर शेल्डन, डेव्हिड डनिंग आणि डॅनियल एम्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात भावनिक कौशल्य ज्यांचं सर्वांत कमी भरलं, स्वतःबद्दलचा त्यांचाच अंदाज सर्वांत जास्त चुकलेला होता, आणि सुधारण्यात रसही त्यांनाच सर्वांत कमी होता. तेही शिकलेसवरलेले प्रौढ लोक. आपण आठवीच्या मुलांकडून काय अपेक्षा करतो आहोत?

दुसरी तक्रार कंपनीच्या माहितीपत्रकाबद्दल, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ते मला वाचायला मिळालं. शेवटच्या पानावर एक चौकट आहे : 'विश्वसनीयता ०.८१, सप्रमाणता ०.९०'. दोन्ही आकडे भारदस्त आहेत. नियामक मंडळाच्या सभेत ते वाचून दाखवले असतील आणि माना डोलल्या असतील. आता साधा कॅलक्युलेटर घ्या आणि ०.८१ चं वर्गमूळ काढा. ०.९० येतं.

हा योगायोग नाही. कंपनीने सप्रमाणता तपासलेली नाही. विश्वसनीयतेचं वर्गमूळ काढून त्याला सप्रमाणता म्हटलं आहे. विश्वसनीयता म्हणजे चाचणी स्वतःशी किती सुसंगत आहे : अर्धे प्रश्न उरलेल्या अर्ध्यांशी जुळतात का, आज आलेला आकडा पुन्हा येईल का. तिच्या वर्गमुळाला एक अर्थ जरूर आहे. याच चाचणीत योगायोगाची भेसळ नसती तर जो गुण आला असता, त्याच्याशी मिळालेल्या गुणाचा सहसंबंध म्हणजे ते वर्गमूळ. पण तो गुण भावनांविषयी आहे की आणखी कशाविषयी, यावर ते अक्षरही बोलत नाही. बाहेरच्या कोणत्याही कसोटीशी या चाचणीचा सहसंबंध ०.९० च्या वर जाऊ शकत नाही, एवढी कमाल मर्यादा त्यातून कळते. 'जास्तीत जास्त इतकी असू शकेल' हे वाक्य चौकटीत येईपर्यंत 'इतकी आहे' झालं. याच हिशेबाने मुलांना अक्षराच्या टापटिपीवर साठ प्रश्न विचारले आणि विश्वसनीयता ०.८१ आली, तर त्यालाही ०.९० सप्रमाणतेचा भावनांक म्हणता येईल.

ही लबाडी या एका कंपनीने शोधलेली नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांतल्या एका सूत्राचा आधार घेऊन आपल्याकडच्या कितीतरी मापनश्रेण्यांनी आणि त्या वापरणाऱ्या प्रबंधांनी वर्षानुवर्षं हेच केलं आहे. म्हणून कंपनीला त्यात गैर वाटलं नसेल. पण खरी सप्रमाणता कशी दाखवायची हे काही गुपित नाही. ली क्रोनबाख आणि पॉल मील यांनी १९५५ मध्ये, डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी १९५९ मध्ये ते नीट लिहून ठेवलं. एकाच गुणाचं माप वेगवेगळ्या पद्धतींनी घ्यायचं आणि ती मापं एकमेकांशी जुळतात का बघायचं. आणि ज्यांच्याशी जुळायला नको त्यांच्याशी ती जुळत नाहीत ना, तेही बघायचं. मुलाने स्वतःबद्दल काय लिहिलं, वर्गमित्र काय म्हणतात, प्रत्यक्ष प्रसंगात तो काय करतो, याची एकमेकांशी पडताळणी झाली आहे का? माहितीपत्रकात तरी नाही.

विश्वसनीयतेच्या ०.८१ वरही हुरळून जायला नको. 'मी आनंदी असतो', 'माझं मन आनंदी असतं', 'मला बहुधा आनंद वाटतो' अशी तीच ती विधानं फिरवून विचारली की हा आकडा आपोआप चढतो. चाचणीत अशा जुळ्या विधानांच्या जोड्या बऱ्याच आहेत, असं मुलं सांगतात.

बरं, ०.८१ खरा धरू. आता ८७ या आकड्याचं काय होतं ते पाहा. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ असा आपला तक्ता आहे. मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका आकड्यात साधारण किती चूक संभवते ते, काढायला १ मधून ०.८१ वजा करायचे, जे उरतं त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने १५ ला गुणायचं. साडेसहा गुण येतात. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्ही बाजूंना तेरा गुण. म्हणजे ८७ चा अर्थ '७४ ते १०० च्या दरम्यान कुठेतरी'. आपल्या तक्त्यात ९० च्या खाली 'सुधारणेस वाव' आणि ९० ते ११० 'समाधानकारक'. हा मुलगा यातल्या कोणत्या रकान्यातला, हे ही चाचणी सांगू शकत नाही. जगातली सर्वांत अभ्यासलेली चाचणी आणली तरी फार फरक पडत नाही : वर सांगितलेल्या १४१ प्रश्नांच्या चाचणीची एकूण विश्वसनीयता ०.९१ च्या आसपास नोंदली गेली आहे, तिच्या हिशेबाने ८७ म्हणजे ७८ ते ९६. ९० ची रेघ मधोमधच राहते. भाजीवाल्याच्या काट्यावरही वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. या मापाची त्रुटी छापावी असं कंपनीलाही वाटलं नाही आणि आपल्यालाही नाही.

प्रगतिपुस्तकासोबत आलेल्या रंगीत अहवालात चार पट्ट्या आहेत : स्वजाणीव, स्वनियमन, समानुभूती, सामाजिक कौशल्य. प्रत्येकीला पंधरा विधानं. साठ विधानांना ०.८१ असेल तर तशाच पंधरा विधानांना किती, हे स्पिअरमन-ब्राउनच्या १९१० पासून माहीत असलेल्या सूत्राने निघतं : ०.५२ च्या आसपास. अशा दोन पट्ट्यांत २९ गुणांचा फरक पडला तर त्याकडे बघावं. त्याच्या आतला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. माझ्या मुलाच्या पट्ट्यांत १२ गुणांचा फरक आहे आणि त्यावरून 'समानुभूती वाढवण्यासाठी घरी पाळीव प्राणी ठेवावा' असा सल्ला छापून आला आहे. आमच्याकडे मांजर आहे.

हे १०० आणि १५ तरी कुणाच्या गुणांवरून ठरले? माहितीपत्रकात बारीक अक्षरात 'महानगरांतील महाविद्यालयीन युवक' असं म्हटलं आहे. ती मानकं आपल्या तालुक्याच्या गावातल्या आठवीच्या मुलांना लावली. ज्या घरात मोठ्यांसमोर राग बोलून दाखवत नाहीत, तिथला मुलगा 'मी माझ्या भावना मोकळेपणाने व्यक्त करतो' यापुढे 'क्वचित' लिहिणार. त्याचे गुण गेले. चाचणी सप्रमाण आहे की नाही हे सुटं ठरत नसतं. तिच्या गुणांचा अमुक कामासाठी अमुक अर्थ लावणं सप्रमाण आहे का, हे ठरवायचं असतं. अमेरिकेतल्या तीन व्यावसायिक संघटनांनी मिळून प्रसिद्ध केलेली २०१४ ची चाचणी-मानकं हेच सांगतात.

चाचणी आपल्या मुलांसाठी बेतून घेण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असंही नाही. धारवाडला डॉ. वि. वा. कामत यांनी बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने प्रमाणित केली, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर मराठी मुलांसाठी चाचण्या रचायला वर्षानुवर्षं खर्च केली. कामतांच्या काळी तर संगणकही नव्हते. आपण तयार माल घेतला, आणि तोही आपल्या मुलांच्या मापाचा आहे का हे न बघता.

आता कार्यशाळेबद्दल. ९० च्या खालच्या मुलांनी १,८०० रुपये भरून आठ आठवड्यांची 'भावनिक सक्षमीकरण कार्यशाळा' करावी, अशी शिफारस आहे. पुरावा म्हणून माहितीपत्रकात आलेख दिला आहे : कार्यशाळेपूर्वी सरासरी ७६, कार्यशाळेनंतर ८२. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंच्या मोजताना जी गोष्ट दाखवली, तीच इथे विकायला ठेवली आहे. खूप उंच आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी कमी उंच भरतात, बुटक्यांची थोडी जास्त. फक्त कमी गुणांची मुलं निवडली, तर त्यांत त्या दिवशी भांडण झालेली, झोप न झालेली, कंटाळून खुणा केलेली मुलं जास्त येतात. पुन्हा चाचणी घेतली की काहीही न करता त्यांची सरासरी १०० कडे सरकते. किती? विश्वसनीयता ०.८१ धरली तर ७६ चे साधारण साडेऐंशी. म्हणजे सहापैकी साडेचार गुण कार्यशाळा न घेताही मिळाले असते. उरलेले दीड गुण 'कोणतं उत्तर चांगलं दिसतं' हे आठ आठवडे ऐकल्याने मिळाले नसतील कशावरून? खरोखर फायदा होतो का ते बघायचं तर तेवढ्याच कमी गुणांच्या दुसऱ्या एका गटाला कार्यशाळा न देता पुन्हा तपासावं लागतं. कंपनीने तसं केलेलं नाही. केलं असतं तर आलेखात दुसरी रेघ दिसली असती.

या आकड्यावरून मुलांच्या अभ्यासाबद्दल तरी काही कळतं का? कॅरोलिन मॅकॅन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दीडशेहून अधिक अभ्यास आणि ४२ हजारांहून अधिक विद्यार्थी एकत्र धरून हिशेब मांडला. स्वतःबद्दल खुणा करायच्या चाचण्यांचा शैक्षणिक यशाशी सहसंबंध ०.१२ आला. वर्ग केला तर दीड टक्काही नाही. करून दाखवायच्या चाचण्यांचा ०.२४. विषय अभ्यासण्याजोगा आहे हे मी वर म्हटलं ते याचसाठी; मोठ्या गटांबद्दल यातून काहीतरी हाती लागतं. पण ०.१२ च्या जोरावर तुकड्या पाडायच्या?

शिक्षकांच्या निवडीबद्दल थोडक्यात. अशा प्रश्नावलीत नोकरीसाठी आलेला उमेदवार स्वतःला हवं तसं रंगवू शकतो. ॲर्ला डे आणि सारा कॅरोल यांनी २००८ मध्ये हे करून पाहिलं. बार-ऑन यांच्या प्रश्नावलीचे गुण उमेदवाराच्या भूमिकेतून उत्तरं देणाऱ्यांना वाढवता आले, करून दाखवायच्या चाचणीचे आले नाहीत. डेना जोसेफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं की अशा मिश्र (भावनांसोबत स्वभावाचे गुणही विचारणाऱ्या) प्रश्नावल्यांचा कामगिरीशी दिसणारा ०.२९ चा सहसंबंध हा कर्तव्यदक्षता, मनाचं स्थैर्य, बहिर्मुखता, बुद्धिमत्ता, आत्मविश्वास या आधीच माहीत असलेल्या गोष्टी हिशेबात घेतल्यावर जवळपास शून्यावर येतो. चांगला शिक्षक निवडायचा असेल तर त्याला वर्गात उभं करून एक पाठ घ्यायला लावा. ही पद्धत आपल्या संस्थेत होती.

पाचवीच्या प्रवेशाबद्दल तर बोलायलाच नको. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचं कलम १३ प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी लावायला मनाई करतं. चाळणीला 'सज्जता' म्हटल्याने ती चाळणी राहत नाही असं नाही. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. आपल्या मंडळात दोन वकील आहेत.

आणि हे सगळं करताना पालकांना विचारलं गेलं नाही. चाचणीचे ३५० रुपये 'इतर उपक्रम' या शीर्षाखाली कापले गेले. मुलांची उत्तरं कंपनीकडे आहेत. किती काळ राहणार, कोण बघणार, माहीत नाही.

माझ्या मागण्या अशा :

१. चालू वर्षाच्या प्रगतिपुस्तकांवरून भावनांकाची ओळ काढून नवी प्रत द्यावी. शाळेच्या कायम नोंदीत हा आकडा जाऊ नये.

२. तुकड्या, वर्गप्रतिनिधी आणि शिक्षकांची निवड यांसाठी हा आकडा वापरणार नाही, असं लेखी परिपत्रक काढावं. पाचवीच्या प्रवेशाची 'सज्जता' चाचणी तात्काळ रद्द करावी.

३. कंपनीकडून चाचणीची नियमपुस्तिका मागवून पालकांसाठी कार्यालयात ठेवावी. मानकं कोणत्या वयाच्या, कोणत्या भागातल्या, किती मुलांवरून ठरवली, विश्वसनीयता कशी काढली, सप्रमाणतेचा ०.९० हा आकडा कुठून आला. मापनाची प्रमाण त्रुटी किती. हे सगळं त्यात असायला हवं. कंपनी देत नसेल तर करार थांबवावा.

४. मुलांची उत्तरपत्रिका आणि माहिती कंपनीने नष्ट केल्याचं लेखी पत्र घ्यावं. कार्यशाळेची सक्ती किंवा 'शिफारस' मागे घ्यावी आणि ज्यांनी पैसे भरले त्यांना ते परत मिळावेत.

५. पुढे कधी मुलांवर कोणतीही मानसशास्त्रीय चाचणी घ्यायची झाली तर आधी एक मानसशास्त्रज्ञ, एक संख्याशास्त्रज्ञ आणि पालक-शिक्षक संघाचे दोन प्रतिनिधी यांनी ती पाहावी. पालकांची लेखी संमती घ्यावी. निकाल समुपदेशकाकडे राहावा, प्रगतिपुस्तकावर नाही.

६. या उपक्रमासाठी ठेवलेल्या रकमेतून शाळेला एक पूर्णवेळ समुपदेशक मिळावा. सध्याच्या बाई तीन शाळा मिळून एकट्याच आहेत आणि आठवड्यातून एकदा येतात. त्यांच्या खोलीबाहेर उभी असलेली मुलं कुणालाही दिसतात, त्यासाठी चाचणी लागत नाही.

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेआधी लेखी उत्तर मिळावं. नियमपुस्तिका मिळाली तर ती वाचून, तिच्यातले आकडे तपासून त्यावर मराठीत टिपण लिहून द्यायची माझी तयारी आहे, आणि कंपनीच्या माणसांनी सभेला येऊन उत्तरं द्यावीत अशी इच्छा आहे. माझं गणित कुठे चुकत असेल तर त्यांनी ते फळ्यावर दाखवावं. शाळेत फळे आहेत.

कळावे,

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी आणि आठवी 'ब'मधल्या मुलाची आई